मथूमावशीचा तळपाय

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली, तीही धाकटी भावंडं सांभाळून. हे चुकून कुणाच्या हाती लागलं तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं, नाहीतर सरळ मिटून ठेवावं. मी कुणासाठी लिहीत नाही. आज शुद्ध अष्टमी आहे. सकाळी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं आणि हात उगाच रिकामे वाटले. अष्टमीला मी मथूमावशीचे पाय बघायचे.

मथूमावशी आमची घरमालकीण. कोलशेतला खाडीकडे उतरणाऱ्या गल्लीत, कोळीवाड्यात तिचं घर. पुढे ती राहायची, मागे एक खोली भाड्याने दिलेली. लग्न झाल्यावर आम्ही दोघं त्या खोलीत आलो, कारण ह्यांची नोकरी तिथल्याच कंपनीत होती. मी साड्यांना फॉल-बिडिंग करायचे. मावशी मासळी विकायची. तिचा एकुलता मुलगा राजेश आणि सून प्राची घोडबंदर रोडला फ्लॅटमध्ये राहायचे. त्यांनी तिला कितीदा बोलावलं. ती म्हणायची, "येतंय की. पन झोपायला नाय. तुमच्याकडं खाडीचा वास येत नाय, मना झोप लागत नाय."

उंच, सावळी, कासोट्याचं लुगडं, अंबाड्यात अबोली. आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी बोलली तरी माझ्या खोलीत ऐकू यायचं. मी उलटी. मी दुकानातसुद्धा बोटाने दाखवते. मावशीला याची मोठी गंमत वाटायची. "शालू, तुज्या सासरच्यांनी तोंडाला पन फॉल लावून दिलाय का गो?" असं ती विचारायची आणि स्वतःच हसायची.

तिची एक सवय कुणालाच सोडवता आली नाही. ती कुठेही बसली की पाय वर घ्यायची. ओट्यावर, रिक्षात, मुलाच्या सोफ्यावर, डॉक्टरच्या खुर्चीवर. दिवसभर ज्या पायांवर डोक्यावरची पाटी तोलायची, त्यांना बसल्यावर जमिनीवर ठेवणं तिला अन्याय वाटायचा. आणि चप्पल तिने कधी घातली नाही. चिखल, डांबर, टॉवरांच्या गुळगुळीत लाद्या, सगळीकडे अनवाणी.

मासळी विकताना ती गिऱ्हाइकाला शिकवायची. एक बाई पापलेटचा फोटो काढून नवऱ्याला पाठवत होती, घेऊ का विचारायला. मावशी म्हणाली, "मॅडम, मासली डोल्यानं बगा, मोबाइलनं नको. कल्ला उगडा, लाल हाय का बगा. डोला बगा, तुमच्याकडं बगतोय का. साहेब काय बगनार तिकडनं?" बाईने मासळी घेतली आणि पुढे कायम तिच्याकडूनच घेतली.

अशी बघणारी बाई. पण स्वतःचा तळपाय तिने बघितला नाही.

झालं असं की खाडीत कालवं काढताना तिच्या टाचेला शिंपलं लागलं. घरी येऊन तिने बिब्बा तापवला आणि त्याचं तेल जखमेवर घातलं. पायात काही बोचलं की तिच्या घरात तेच करायचे, आणि आमच्या गावाकडेही. बिब्ब्याचा काळा डाग राहतो, मग हळूहळू जातो. जखम भरली. डाग राहिला. मी विचारलं तर म्हणाली, "बिब्ब्याचा हाय. जाईल." मलाही तसंच वाटलं. गल्लीतल्या सगळ्यांना तसंच वाटलं. डाग जाईना, उलट पसरायला लागला, तेव्हा तिने त्यावर परत बिब्बा घातला. काळ्यावर काळं. त्यामुळे खालचं काय वाढत होतं ते कुणाला दिसलंच नाही.

ते प्राचीला दिसलं, सोफ्यामुळे. मावशी नेहमीसारखी पाय वर घेऊन बसली होती. ती उठल्यावर कव्हरवर रक्ताचा डाग. प्राची ऑफिसला न जाता तिला थेट मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तुकडा काढून तपासायला पाठवला. मेलॅनोमा निघाला. कातडीचा कॅन्सर. बिब्ब्याने तो झाला नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. बिब्ब्याने तो झाकला.

ऑपरेशनमध्ये टाचेचा बराच भाग काढला आणि मांडीची कातडी तिथे लावली. जांघेतली गाठ काढून बघितली, तिच्यात काही नव्हतं. मावशी घरी आली ती मऊ चप्पल घालून. ती चप्पल बघून मला रडू आलं, एवढी ती तिच्या पायात परकी दिसत होती.

डॉक्टरीणबाईंनी प्राचीला सगळं समजावून दिलं होतं. ठरल्या वेळी हॉस्पिटलात यायचंच, पण मधल्या दिवसांत दर महिन्याला घरीही डोक्यापासून पायापर्यंत कातडी बघायची. तळवे, बोटांच्या बेचक्या, नखांखाली, पाठ, केसांत भांग पाडून टाळू. टाक्यांच्या आजूबाजूला, गुडघ्याच्या मागे आणि जांघेत बोटांनी चाचपून गाठ लागते का पाहायचं. नवा डाग दिसला किंवा जुना बदलला तर थांबायचं नाही. धोक्याचा डाग म्हणजे एका बाजूने एक आणि दुसऱ्या बाजूने वेगळा, कडा खाल्ल्यासारख्या, एकातच दोन-तीन रंग, वाढणारा, खाजणारा, रक्त येणारा. बिब्बा बंद, पायाला मेंदी बंद, अनवाणी चालणं बंद.

बघणार कोण, हा प्रश्न होता. प्राची तयार होती. मावशीने मान हलवली. "सुनेसमोर लुगडं सोडू? मंग तिला सासूपना कसा दाखवू?" शेजारणी होत्या, पण मावशीच म्हणाली, सकाळी माझ्या मांडीवर तीळ दिसला तर संध्याकाळी जेट्टीवर त्याची बातमी होईल. मग एक दिवस ती माझ्या दारात उभी राहिली.

"शालू, तू करशील. तू बोलत नायस."

मला नाही म्हणता आलं नाही. नाही म्हणायलासुद्धा बोलावं लागतं.

पहिल्या दिवशी मागच्या पडवीत ऊन आलं तेव्हा तिने दार लावलं, पाठीवरची चोळी काढली आणि पाटावर बसली. मी मागे बसले. बराच वेळ गेला. ती म्हणाली, "काय दिसतंय?" मग तिने मान वळवून बघितलं आणि ओरडली, "अगो, डोले मिटून काय दिसनार? मी का देवी हाय?"

मग मी डोळे उघडले. तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की दुसऱ्या माणसाची पाठ मी आयुष्यात कधी नीट बघितली नव्हती.

दिवस तिने ठरवला. प्राची म्हणत होती, एक तारीख ठेवू, फोनवर आठवण लावते. मावशीला ते पटलं नाही. "एक तारीक पगाराची. मना काय पगार हाय?" तिने अष्टमी सांगितली. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, म्हणजे खाडीचं पाणी धड चढत नाही की उतरत नाही. मासळी कमी, पाटी रिकामी, तिला सवड. प्राचीने फोनमध्ये बघितलं आणि म्हणाली, "आई, अष्टमी महिन्यातून दोनदा येते." मावशी म्हणाली, "मंग उजेडातली धर. कालोखातली तुज्या डाक्टरीणबायला देऊन टाक." अशी शुद्ध अष्टमी ठरली.

तिची कातडी वाचणं सोपं नव्हतं, कारण तिच्या अंगावर गोंदण होतं. हनुवटीवर तीन ठिपके, हातावर तुळशीवृंदावन, पोटरीवर एक मासा, दंडावर नवऱ्याचं नाव. मी प्रत्येक ठिपक्यावर थांबायचे आणि ती सांगायची, हे कधीचं, कुठल्या जत्रेतलं, कुणी हात धरला होता. माशाच्या शेपटीपाशी एक ठिपका भलताच बाहेर पडलेला होता, वेडावाकडा, निळसर. डॉक्टरीणबाईंनी त्यावर भिंग लावून बघितलं आणि विचारलं, हा कधीपासून? मावशी लाजली. मी तिला लाजताना तेव्हाच बघितली. गोंदणारी सुई टोचत होती तेव्हा समोरून होडीतून एक मुलगा गेला आणि हिचा पाय हलला. त्याच मुलाचं नाव पुढे दंडावर आलं. डॉक्टरीणबाई हसल्या आणि म्हणाल्या, "हा असू दे, पण याच्यावरही लक्ष ठेवा." मावशी म्हणाली, "जन्मभर ठेवलं."

दर वेळी बघून झालं की ती एकच प्रश्न विचारायची. "पावना आयला का?" त्या रोगाला ती पाहुणा म्हणायची. मी "नाही" म्हणायचे. मग प्राचीने शिकवल्याप्रमाणे टाचेजवळ पट्टी ठेवून फोनमध्ये फोटो काढायचे आणि मागच्या फोटोशी ताडून बघायचे. ती म्हणायची, "मॅडमला मी सांगितलं मोबाइलनं बगू नको, आन माजी टाच बग कशी मोबाइलात बसलीय."

तिच्या भाचीच्या हळदीचा प्रसंग मी विसरणार नाही. मांडवात बँजो वाजत होता, बायका एकमेकींना मेंदी लावत होत्या. जनाबाई म्हणून तिची एक मैत्रीण मेंदीचं वाटण घेऊन आली. "मथू, पाय पुढं कर."

"नको गो. माजे पाय डाक्टरीणबायच्या नावावर हायेत."

"पायाला काय सातबारा असतो?" जनाबाई म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

मावशी उठली. बँजोवाल्याला हाताने थांब म्हणाली. तो घाबरून थांबला. "हसता काय? दाखवा तुमचे पाय. सगल्यांनी. वर करा." आधी कुणी हललं नाही. मग मावशी स्वतः खाली बसली, चप्पल काढली आणि तिची टाच ट्यूबलाइटखाली धरली. मांडीची कातडी लावलेला तो फिकट, खोलगट भाग त्यातल्या बऱ्याच जणींनी कधी बघितला नव्हता. एकेक करून त्यांनी पाय पुढे केले. भरजरी साड्यांखालून तळव्यांची रांग लागली. मावशी मासळीचे वाटे बघावेत तशी एकेक तळवा बघत पुढे सरकत होती. जनाबाईच्या काळ्या डागापाशी ती थांबली.

"हा कसला?"

"बिब्ब्याचा."

"मीबी तेच सांगत होते," मावशी म्हणाली.

जनाबाईने पाय साडीखाली ओढून घेतला. मग तिनेच बँजोवाल्याला हात केला आणि तो परत वाजवायला लागला.

त्या आठवड्यात जनाबाई हॉस्पिटलात जाऊन आली. तिचा डाग खरोखरच बिब्ब्याचा निघाला. रिक्षाभाडं फुकट गेलं म्हणून ती मावशीवर महिनाभर चिडून होती. मावशी खूश होती. "चिडू दे. चिडायला जिती हाय ना?"

आणि मग ती श्रावणातली अष्टमी आली. नारळी पौर्णिमा जवळ होती. बाहेर होड्यांना रंग चालला होता, त्याचा वास पडवीत येत होता. मी टाचेजवळ चाचपत होते आणि माझं बोट थांबलं. टाक्यांच्या रेषेपासून थोडं वर, घोट्याकडे, तिळाएवढं काहीतरी. निळसर काळं, किंचित उचललेलं. मी फोटो काढून बघितला. मागच्या फोटोत ते नव्हतं.

माझं बोट थांबलेलं तिला कळलं.

"पावना आयला?"

"काहीतरी आहे, मावशी."

तिने पाय ओढून घेतला आणि लुगड्याखाली झाकला. "नारली पुनव होऊ दे. आता प्राचीला सांगू नको."

"थांबायचं नाही म्हणाल्यात डॉक्टरीणबाई."

"पुनव होऊ दे. मंग गौरी-गनपती येतील, पोरं घरात असतील. ते झाले की बगू." आणि एकदम तिचा आवाज खाली आला. तिचा आवाज खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता. "आता पाय कापतील गो. टाच दिली मी. पाय गेला तर पाटी गेली, खाडी गेली. मंग मी त्या सोफ्यावर बसून काय करू?" तिने माझं मनगट धरलं. "तुना माजी शपथ. तू बोलत नायस म्हनून तुला धरली मी."

त्या दिवशी मी फॉल उलटा लावला, उसवला, परत उलटा लावला. ज्या गुणासाठी तिने मला निवडलं होतं, तोच आता तिच्या पायाशी त्या तिळासारखा चिकटून बसला होता. हे कामावरून आल्यावर मी ह्यांचा फोन मागितला. ह्यांना वाटलं माहेरी लावते आहे. मी प्राचीला लावला. त्याआधी मी तिला कधी फोन केला नव्हता.

"हॅलो? कोण? शालूकाकू? बोला ना. काकू? ऐकू येतंय का?"

ती फोन ठेवेल अशी भीती वाटली, तेव्हा कसेबसे तीन शब्द निघाले. "नवीन डाग आहे."

प्राची रात्रीचं जेवण सोडून आली. दुसऱ्या सकाळी मावशी हॉस्पिटलात होती. जाताना गाडीत बसण्याआधी ती माझ्याकडे वळली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "तोंड फुटलं हिला! तेबी माज्याच पायावर!"

तो तीळ तोच रोग होता. डॉक्टरीणबाईंनी तो आजूबाजूच्या कातडीसकट काढला. लवकर आलात, म्हणाल्या. बाकी अंगाच्या तपासण्या झाल्या, पुढे बरेच महिने सलाइनमधून औषध झालं. पाय राहिला. पण त्या नारळी पौर्णिमेला खाडीत नारळ सोडायला तिला जाता आलं नाही. राजेशने सोडला. ती खाटेवर पाय वर बांधून पडली होती आणि प्राचीने फोनवर दाखवलं ते बघत होती. मी दाराशी उभी होते. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

ती माझ्याशी बोलेना. जिचा आवाज दिवसभर भिंतीतून यायचा, तिच्या घरातून मला नुसती भांड्यांची चाहूल यायची. मी ह्यांना म्हटलं, खोली बदलू या. हे म्हणाले, अष्टमीपर्यंत थांब.

अष्टमीला ऊन पडवीत आलं. मी पाट मांडला आणि बसले, येईल असं वाटत नव्हतं. ती आली. बसली, काही न बोलता पाय माझ्या मांडीवर ठेवला आणि तोंड भिंतीकडे केलं. मी सगळं बघितलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला.

"पावना?" ती भिंतीला म्हणाली.

"नाही."

"बरं."

संध्याकाळी माझ्या दाराशी झाकलेली वाटी होती. जवळ्याची चटणी. भिंतीपलीकडून आवाज आला, "तिकट हाय! पानी जवल घेऊन बस!"

पुढे ह्यांची कंपनी तिथून हलली आणि आम्हाला कोलशेत सोडावं लागलं. विठ्ठलवाडीला खोली मिळाली. सामान निघालं त्या दिवशी मला सगळ्यात मोठी काळजी अष्टमीची होती. प्राची बघते म्हणाली. मावशी म्हणाली, "कशाला? शालूकडं जाईन मी."

आणि ती यायची. कोलशेतहून मासळीचा एक टेम्पो आमच्या बाजूच्या बाजारात यायचा, ड्रायव्हर तिच्या ओळखीचा. त्याच्या शेजारी बसून, डबा मांडीवर घेऊन यायची. आमच्या चाळीत पोरं ओरडायची, "मच्छीवाली आजी आली!" ती त्यांना म्हणायची, "मच्छी आनली नाय, पाय आनलाय."

शेवटच्या वेळी आली तेव्हा बघून झालं, पावना नव्हता, चहा झाला. मग ती कप ठेवून म्हणाली, "आता तू फीर."

"म्हणजे?"

"पाठ दाखव."

मी नको म्हणाले. माझी पाठ माझ्या आईनंतर कुणी अशी उजेडात बघितलेली नाही. ह्यांनीही नाही. मावशीने दाराला कडी लावली. "मी तुज्यासमोर सगलं सोडलं. तुना कसली लाज? फीर."

मी फिरले आणि या वेळीही डोळे मिटले. तिची खरखरीत बोटं माझ्या पाठीवरून हळूहळू उतरत होती. खांद्याच्या खाली एका जागी थांबली.

"हा तीळ कवापास्नं?"

"मला काय माहीत? मला कुठे दिसतो?"

"मसुरीएवडा. गोल. एकच रंग. कड साफ." तिने परत बोट फिरवलं, कल्ला उघडून बघावा तसं नीट. "बरा हाय. पन आता मना ठाऊक झाला. वाडला तर सांगेन." चोळीचे बंद तिनेच बांधले आणि पाठीवर थाप मारली. "चल. तुजं माज्यावर होतं ते फिटलं."

पुढची अष्टमी यायच्या आधी प्राचीचा फोन आला. मावशी झोपेतच गेली. हृदय बंद पडलं. प्राची रडत होती आणि रडता रडता म्हणाली, "काकू, पाय शेवटपर्यंत साफ होता."

ते मला ठाऊक होतं. त्या शेवटच्या दिवशी मी तिला सोडायला रस्त्यापर्यंत गेले होते. ती टेम्पोत चढली, चप्पल काढून मांडीवर घेतली आणि पाय वर घेऊन समोरच्या काचेला टेकवले. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, मला रस्ता दिसत नाय." ती म्हणाली, "माज्या पायाच्या बाजूनं बग." तो हसला आणि त्याने टेम्पो वळवायला घेतला. वळताना काच माझ्यासमोर आली. त्यात तिचा उजवा तळपाय होता, त्यावर लागलेला फिकट कातडीचा तुकडा, घोट्याकडची दुसरी खूण, सगळं उन्हात लख्ख. ती हात हलवत होती. मी हात हलवायचं विसरले. टेम्पो वळेपर्यंत मी त्या तळपायाकडेच बघत राहिले. नवीन काही नव्हतं.